दिव्याखालचे नाव

आमच्या अभ्यासिकेतल्या मेजावर गेली काही वर्षे एक दिवा आहे. अभ्यासिका हा शब्द जरा मोठाच झाला. खोली एकच, तीत दोघांची दोन मेजे, चार कपाटे आणि परीक्षेच्या हंगामात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो, त्यामुळे घरात पुस्तके जशी सामाईक आहेत तशी मतेही बहुतांशी सामाईक झाली आहेत. म्हणून हा लेखही 'आम्ही'च लिहीत आहोत.

दिवा २०१६ च्या दिवाळीत आला. आम्हां दोघांपैकी एकाची बहीण, म्हणजे दुसरीची नणंद, न्यू जर्सीत असते. तिने तो कपड्यांत गुंडाळून बॅगेतून आणला. घुमटाकार छत्री, तिच्यात रंगीत काचांचे शेकडो तुकडे जोडलेले, आणि खालच्या कडेला पंख पसरून डोके खाली केलेले सात चतुर. डोळे लाल काचेचे. पहिल्याच रात्री दिवा लावला आणि त्यातला अमेरिकन बल्ब फट्कन उडाला. तिकडची वीज एकशेवीस व्होल्टची, आपली दोनशेतीस, हे आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना कुठून सुचावे! दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावले. त्याने होल्डर बदलला, पिन बदलली आणि मग छत्री उलटी करून आतून बराच वेळ पाहत राहिला. काचांच्या सांध्यांवरून त्याने बोट फिरवले.

"सर, ही डाग हातानं दिलेली आहे. मशीनची न्हाई. कुणी केलंय हे?"

"टिफनीचा दिवा आहे," आम्ही सांगितले.

"टिफनी म्हंजे कोण?"

आम्ही काहीतरी उत्तर दिले. एक मोठा अमेरिकन कलावंत होता, वगैरे. त्याने मान हलवली आणि बैठकीच्या तळाशी चिकटवलेला छोटा कागद वाचून दाखवला : 'मेड इन चायना'. दिवा नक्कल होता हे आम्हांला ठाऊक होते. खोक्यावरच 'टिफनी स्टाइल' असे छापलेले होते. पण वायरमनचा प्रश्न नकलेविषयी नव्हताच. ज्या हाताने ही डाग दिली तो हात कुणाचा, एवढेच त्याला हवे होते. त्याच्या धंद्यातला माणूस होता ना तो!

या प्रश्नाच्या मागे लागून आम्ही जे वाचले, पाहिले, आणि त्यातून जे आमच्याच अंगाशी आले, ते येथे मांडतो.

*

लुई कम्फर्ट टिफनी (१८४८–१९३३) हा न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध जवाहिऱ्याचा, चार्ल्स लुईस टिफनीचा मुलगा. वडिलांची पेढी १८३७ पासूनची. मुलाने मात्र पेढीवर न बसता चित्रकलेचा नाद धरला, उत्तर आफ्रिका व युरोप हिंडून तो चित्रे रंगवीत राहिला, आणि तिशीच्या सुमारास गृहसजावटीच्या व्यवसायात शिरला. त्याच्या त्या काळच्या सहकाऱ्यांत लॉकवुड डी फॉरेस्ट हा एक होता. हाच डी फॉरेस्ट पुढे हिंदुस्थानात आला आणि १८८१ साली अहमदाबादेस मगनभाई हठीसिंग यांच्या सोबतीने त्याने लाकडी कोरीवकामाचा कारखाना काढला. न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांत जी सागवानी नक्षी गेली तिचे मूळ असे त्या वेळच्या मुंबई इलाख्यात होते. ती कोरणाऱ्या सुतारांची नावे कुणी विचारली असतील असे वाटत नाही.

टिफनीचे खरे वेड काचेचे. १८८५ मध्ये त्याने स्वतःची काच कंपनी स्थापन केली. चर्चच्या खिडक्यांतील काचेवर चित्र रंगवायचे ही युरोपातली जुनी रीत त्याला पटत नसे. रंग काचेवर नको, काचेतच हवा, हा त्याचा आग्रह. आकाश हवे तर आकाशाच्या रंगाचीच काच ओतावी, पानावरची सावली हवी तर हिरव्यात निळा मिसळत गेलेला तुकडा शोधावा. या आग्रहापायी १८९३ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळ कोरोना येथे भट्ट्या सुरू झाल्या. त्या चालवायला आर्थर नॅश हा इंग्लंडच्या स्टुअरब्रिजहून आलेला काचतज्ज्ञ होता. काचेत कोणते क्षार किती घालायचे याची गणिते तो सांकेतिक लिपीत लिहून ठेवी, खुद्द मालकालाही ती कळू देत नसे म्हणतात. १८९४ साली या काचेला 'फाव्रील' हे व्यापारी नाव मिळाले, आणि १९०२ मध्ये कंपनीचे नाव 'टिफनी स्टुडिओज' झाले.

मेजावरचे दिवे हे या उद्योगाचे जरा उशिरा आलेले अपत्य. विजेचा बल्ब एव्हाना घरांत शिरू लागला होता, पण त्याचा उघडा प्रकाश डोळ्यांना बोचे. त्यावर काहीतरी पांघरूण हवे होते. (सुरुवातीचे पुष्कळ टिफनी दिवे मात्र रॉकेलवर चालत.) खिडक्यांसाठी काचा कापताना उरलेले तुकडे हाताशी होतेच. १८९८-९९ पासून या तुकड्यांच्या छत्र्या होऊ लागल्या, आणि पाहता पाहता तेच कंपनीचे सर्वांत ओळखीचे रूप झाले.

छत्री कशी होते ते सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा वाद त्या रीतीतच दडलेला आहे. प्रथम रेखाटन. मग लाकडाचा घुमट घेऊन त्यावर नक्षी उतरवायची. नक्षीतला प्रत्येक तुकडा वेगळा करून त्याचा साचा तयार करायचा. मग काचेचे मोठमोठे तक्ते खिडकीपाशी उजेडात धरून पाहायचे : या पाकळीला तक्त्याचा हा कोपरा, त्या देठाला तो. साचा ठेवून तेवढाच भाग कापायचा. कापलेल्या तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी मेणाने चिकटवून गुंडाळायची. असे शेकडो तुकडे घुमटावर मांडून झाले की सांधे शिसे-कथलाच्या डागेने जोडायचे. 'विस्टेरिया' नावाच्या दिव्यात, ज्यावर जांभळ्या फुलांचे घोस वेलीवरून खाली लोंबतात, असे जवळजवळ दोन हजार तुकडे आहेत. १९०६ च्या किंमतपत्रकात त्याची किंमत ४०० डॉलर आहे.

एकाच नक्षीच्या दोन छत्र्या कधी सारख्या होत नाहीत, हे त्या रीतीवरून कळेल. नक्षी तीच, साचे तेच. पण तक्त्यातला तुकडा निवडणारे डोळे निराळे. एका छत्रीत दुपार असते, दुसरीत संध्याकाळ.

प्रत्येक दिव्याखाली ठसा मात्र एकच : टिफनी स्टुडिओज, न्यूयॉर्क. आणि एक क्रमांक.

*

पहिल्या महायुद्धानंतर आवड पालटली. सरळ रेषांच्या, गुळगुळीत पृष्ठभागांच्या त्या काळाला ही फुले-पाने-चतुर जुनाट वाटू लागले. कंपनीचे १९३२ साली दिवाळे निघाले आणि पुढच्याच वर्षी टिफनी वारला. दिवे माळ्यांवर गेले, जुन्या बाजारात गेले, कित्येक तर मोडीत गेले. १९३५ मध्ये एगॉन न्यूस्टाट या ऑस्ट्रियातून आलेल्या दंतवैद्याने आणि त्याच्या पत्नीने ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून असा एक दिवा साडेबारा डॉलरला घेतला. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे ते दांपत्य हे दिवे गोळा करीत राहिले. १९८४ साली न्यूस्टाटने त्यांतले १३२ दिवे न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीला दिले. दरम्यान १९५८ पासून प्रदर्शने भरू लागली होती, ग्रंथ निघू लागले होते, लिलावात किमती चढू लागल्या होत्या. १९९७ मध्ये 'पिंक लोटस' हा दिवा अठ्ठावीस लाख डॉलरला गेला.

या सगळ्या पुनरुज्जीवनात दिव्यांचा कर्ता म्हणून एकच नाव घेतले जात होते. आम्ही वायरमनला दिलेले उत्तर सत्तर वर्षे तज्ज्ञही देत आले होते.

ते उत्तर बदलले पत्रांनी. आणि आमच्यासारख्या साहित्याच्या माणसांनी येथे कान टवकारावेत.

ओहायो राज्यातल्या टालमेज या लहान गावी वुलकॉट नावाचे एक कुटुंब होते. वडील लवकर वारले, मागे आई आणि चार मुली. मुली पांगल्या तेव्हा घरात एक रिवाज पडला : फिरते पत्र. एकीने लिहायचे, दुसरीने वाचून त्यात आपले घालायचे, तिसरीकडे धाडायचे, असे ते आईसकट सगळ्यांकडून फिरून यायचे. थोरली मुलगी क्लॅरा न्यूयॉर्कला होती. ती कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत, रात्री वसतिगृहातल्या खोलीत, जमेल तसे तुकड्यातुकड्यांनी लिही. सायकल शिकल्याची हकीकत, नाटके, वसतिगृहातली माणसे, हवा, पैशांची ओढाताण, आणि कामावरच्या गोष्टी. ही पत्रे कुणी छापण्यासाठी लिहिली नव्हती. काही वंशजांकडून केंट स्टेट विद्यापीठात गेली, काही न्यूयॉर्कच्या क्वीन्स हिस्टॉरिकल सोसायटीत पडून होती. २००५ च्या सुमारास मार्टिन आयडेलबर्ग आणि नीना ग्रे हे दोन अभ्यासक वेगवेगळ्या वाटांनी त्यांच्यापर्यंत पोचले. मार्गारेट होफर यांच्यासह त्यांनी २००७ साली प्रदर्शन आणि ग्रंथ सिद्ध केला. त्याचे नाव 'अ न्यू लाइट ऑन टिफनी'.

पत्रांत उलगडले ते असे. १८९२ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाची तयारी चालू असताना काचकाम करणाऱ्या पुरुषांनी संप केला. कामाची मुदत तर गळ्याशी आलेली. टिफनीने स्त्रियांचा एक स्वतंत्र काच-कापणी विभाग काढला. आरंभी सहाजणी, दोन वर्षांत पस्तीस. या विभागाची प्रमुख क्लॅरा. चतुरांचा दिवा तिच्या कल्पनेतला, विस्टेरिया तिचा, पिओनी, जिरेनियम, डॅफोडिल तिचे. एकूण तीसहून अधिक रचना अभ्यासकांनी तिच्या खात्यावर मांडल्या आहेत. व्यवस्थापकांना खर्च परवडत नसे, ते साधे काम मागत; ती अवघड रचना घेऊन टिफनीकडे जाई आणि बहुधा त्याची संमती मिळवी. आज जगात 'टिफनी दिवा' म्हणून जे चित्र डोळ्यांपुढे येते ते फार मोठ्या प्रमाणात या बाईचे आहे.

तिचे नाव त्या काळी अगदीच झाकलेले होते असेही नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात चतुरांच्या दिव्याला पारितोषिक मिळाले तेव्हा तिचे नाव घेतले गेले. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने वर्षाला दहा हजार डॉलर वा अधिक मिळवणाऱ्या स्त्रियांत तिला बसवले. तिचे खरे वेतन आठवड्याला पस्तीस डॉलर होते, म्हणजे वर्षाला दोन हजारही नव्हे. तिने कल्पिलेला विस्टेरिया दिवा घ्यायचा तर तिला स्वतःला अकरा आठवड्यांहून अधिक राबावे लागले असते. छापील मजकूर आणि खाजगी पत्र यांच्यात कशाला प्रमाण मानावे, हा आपल्या वर्गांतला नेहमीचा प्रश्न. येथे त्याचे उत्तर आकड्यांतच मिळते.

मग हे नाव हरवले कसे? एक कारण उघड आहे. कंपनी आपल्या जाहिरातीत कारागिरांची नावे देत नसे. दुसरे कारण आम्हांला अधिक जवळचे वाटले. ही बाई नोंदींत एका नावाने सापडतच नाही. जन्माची क्लॅरा वुलकॉट. १८८८ मध्ये ती टिफनीकडे लागली, पण विवाहित स्त्रीला तेथे काम करता येत नसे. १८८९ मध्ये ती क्लॅरा ड्रिस्कॉल झाली आणि तिला काम सोडावे लागले. १८९२ मध्ये पती वारला, ती परतली. काही वर्षांनी पुन्हा विवाह ठरला, पण वाग्दत्त वरच बेपत्ता झाला आणि ती पुन्हा कामावर आली. १९०९ मध्ये तिने एडवर्ड बूथशी विवाह केला आणि कायमची बाहेर पडली. १९४४ साली वारली ती क्लॅरा बूथ म्हणून. वैधव्याने तिला काम दिले, सौभाग्याने काढून घेतले; आणि प्रत्येक फेऱ्यात नाव बदलत गेले.

हे वाचताना आम्हांला वारंवार पंडिता रमाबाईंची आठवण होत होती, आणि ती केवळ आमच्या विषयाच्या सवयीने नव्हे. रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा त्यांचा ग्रंथ १८८९ चा. अमेरिकन स्त्रियांचे शिक्षण, त्यांचे उद्योग, त्यांनी उभारलेल्या संस्था यांचे त्यात मोठ्या आस्थेने वर्णन आहे. क्लॅरा टिफनीच्या दारात शिरली त्याच वर्षाच्या अखेरीस रमाबाईंनी अमेरिकेचा किनारा सोडला. ज्या नव्या स्त्रीला रमाबाई मराठी वाचकांपुढे उभी करीत होत्या तीच ही : कलाशाळेत शिकलेली, एकटी शहरात राहणारी, स्वतःच्या कमाईवर आईला हातभार लावणारी. पदव्युत्तर वर्गात हा ग्रंथ शिकवताना या स्त्रिया आम्ही नेहमी समूह म्हणूनच पाहिल्या होत्या. त्यांतल्या एकीची पत्रे वाचल्यावर त्या ग्रंथातल्या प्रकरणांना चेहरा आला.

*

२०१९ च्या उन्हाळी सुट्टीत नणंदेकडे जाण्याचा योग आला तेव्हा आम्ही न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीत गेलो. चौथ्या मजल्यावर न्यूस्टाट संग्रहातील शंभर दिव्यांचे दालन २०१७ पासून कायमचे मांडलेले आहे. खोली काळोखी, आणि काळोखात हे दिवे. क्लॅराची हकीकत तेथे ठळकपणे सांगितलेली आहे. आमच्या मेजावरच्या चतुरांचे मूळ तेथे पाहिले. पंखांवर धातूची जाळी, त्याखालून काच. आमच्या चतुरांच्या पंखांवर ती जाळी नुसती छापल्यासारखी आहे. आम्ही बराच वेळ उभे राहिलो आणि अत्यंत समाधानाने परतलो. अन्याय झाला होता, तो दूर झाला. एका पुरुषाचे नाव पुसून एका स्त्रीचे आले. सुझन व्रीलँड यांनी २०११ मध्ये तिच्यावर कादंबरीही लिहिली आहे. गोष्ट पूर्ण झाली, असे आम्हांला वाटले.

ती पूर्ण झालेली नाही हे घरी आल्यावर त्या ग्रंथाचे नीट वाचन केले तेव्हा जाणवले. १९०३ साली पुरुष कामगारांच्या संघटनेने या स्त्रियांच्या विभागाविरुद्ध पवित्रा घेतला. दिव्यांचे आणि खिडक्यांचे काम बायकांकडून काढून घ्यावे, ही मागणी. तडजोड झाली ती अशी की विभाग राहील, पण त्यात सत्तावीसच्या वर स्त्रिया असणार नाहीत. क्लॅराने विभाग वाचवला. पण मग त्या सत्तावीसजणी कोण? अॅग्नेस नॉर्थ्रप ठाऊक आहे, ती खिडक्यांची मोठी रचनाकार. अॅलिस गूव्ही ठाऊक आहे, ती क्लॅराची ओहायोची मैत्रीण. आणखी काही नावे पत्रांत येतात, आणि ती येतात कारण क्लॅराने ती लिहिली. पण या विशिष्ट छत्रीतला हा विशिष्ट तुकडा कुणी निवडला? दुपार कुणाची, संध्याकाळ कुणाची? ते कुठेही लिहिलेले नाही. आणि मग घुमटावर डाग देणारे, ज्यांच्याविषयी आमच्या वायरमनने विचारले होते, ते तर बहुतेक पुरुष. भट्टीपाशी उभे राहणारेही पुरुष. त्यांचीही नावे नाहीत.

टिफनीचे नाव काढून क्लॅराचे लावणे न्याय्य आहे, पण तेवढ्याने एका कर्त्याच्या जागी दुसरा कर्ता येतो इतकेच. टिफनीचा वाटाही खोटा नव्हे. काचेचा आग्रह त्याचा, पैसा त्याचा, अखेरची संमती त्याची. अवघड आहे ते पुढचे : निवड हेही कर्तृत्व आहे असे मानले तर त्या कर्तृत्वाची नोंद कशी करायची? नक्षी एकीची, आणि प्रत्येक प्रतीत नवी निवड करणाऱ्या अनेकजणी. अशी रचना आपल्या भाषेत दुसरी कोणती, असा विचार करताच आम्ही दोघेही गप्प झालो. कारण उत्तर आमच्याच कपाटात होते.

*

नोकरीच्या पहिल्या वर्षांत, २००६ ते २००८ या काळात, आम्ही तालुक्यातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. 'आम्ही' गोळा केल्या असे म्हणायची सवय आहे. खरे म्हणजे पदवीच्या तीन तुकड्यांतल्या मुलींनी त्या गोळा केल्या. आम्ही लोकसाहित्याच्या पेपरासाठी प्रकल्प दिला आणि मुली सुट्टीत आपापल्या गावी जाऊन आज्या, मावश्या, शेजारणी यांच्यापाशी बसल्या. दोनशे पानी वह्या भरून आल्या. त्यांतून निवड करून, विषयवार लावून, प्रस्तावना लिहून आम्ही २०१० मध्ये संग्रह प्रसिद्ध केला. मुखपृष्ठावर आमची दोघांची नावे. ऋणनिर्देशात एक ओळ : 'आमच्या विद्यार्थिनींनी या कामी मोलाचे साहाय्य केले.' संग्रहाची चांगली परीक्षणे आली. त्याच्या बळावर आम्हां दोघांपैकी एकाची पदोन्नतीही सुकर झाली, हे सांगितले पाहिजे.

गेल्या वर्षी त्या मुलींपैकी एक घरी आली. आता ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सोबत आठवीतली मुलगी होती. चहा होईपर्यंत तिने कपाटातला संग्रह काढला आणि लेकीला दाखवला. "हे बघ, हे पुस्तक आम्ही केलंय. कॉलेजात असताना." मुलीने पुस्तक हातात घेतले, मुखपृष्ठ पाहिले, पहिली पाने उलटली, मग शेवटची.

"आई, तुझं नाव कुठंय?"

ती हसली. म्हणाली, "अगं, सर-मॅडमचं पुस्तक आहे ते. आम्ही नुसतं लिहून आणलं." तिच्या आवाजात जराही कडवटपणा नव्हता, असता तर आम्हांला सोपे गेले असते.

ती गेल्यावर आम्ही माळ्यावरचा खोका काढला. सगळ्या वह्या नव्हत्या, एकोणीस होत्या. तिची वही सापडली. ती आम्ही कधीकाळी वाचली होती, पण आता निराळ्या नजरेने वाचली. एकेका ओवीशेजारी समासात तिने बारीक अक्षरात नाव लिहिले होते : अमुक आजी, अमुक वस्ती. तीच ओवी दोन बायकांनी म्हटली असेल तर दोन्ही रूपे लिहिली होती. एकीने भावाच्या गावाचे नाव बदलले होते, दुसरीने शेवटच्या चरणात रडण्याच्या जागी हसणे घातले होते. आमच्या संग्रहात त्या जागी एकच ओवी आहे, दोन्ही रूपांतले 'अधिक शुद्ध' वाटले ते घेऊन आम्ही तयार केलेली. समासातली नावे संपादनात गेली. ती गाळण्याचा निर्णय आम्ही कधी घेतला असे आठवतच नाही. निर्णय घेण्याजोगी ती गोष्टच वाटली नसावी.

अज्ञानाची सबबही आमच्यापाशी नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्यांचे जे अफाट काम केले, लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यात गाणारणीचे नाव आणि गाव ओवीशी बांधलेले आहे. ते काम आम्हांला ठाऊक होते, आमच्या प्रस्तावनेत त्याचा गौरवाने उल्लेखही आहे. शिवाय वर्गात आम्ही रोलाँ बार्तचा 'लेखकाचा मृत्यू' शिकवीत होतो आणि ओवी ही अनामिक समूहाची निर्मिती असे फळ्यावर लिहीत होतो. समूह अनामिक असतो की त्याला नावाने लिहून घेणारा भेटत नाही, हा प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांना घातला नाही. मुखपृष्ठावर ज्याचे नाव आहे त्याला लेखकाचा मृत्यू फारसा जाचत नाही.

गेल्या दिवाळीपासून आम्ही यादी करू लागलो आहोत. महाविद्यालयाच्या जुन्या हजेरीपटांवरून त्या तीन वर्षांतल्या एकेचाळीस मुलींची नावे मिळाली. शोधायला निघालो तर क्लॅराचीच गत : हजेरीपटातली नावे माहेरची, आता आडनाव निराळे; आणि सहाजणींचे तर सासरी पहिले नावही बदललेले. एकीला तिच्या जुन्या नावाने फोनवर विचारले तेव्हा पलीकडच्या सासूबाई म्हणाल्या, "अशी कुणी ऱ्हात न्हाई इथं." मागून आवाज आला, "आत्या, मीच ती!" आजवर सव्वीसजणी सापडल्या आहेत. समासातल्या गाणारणींपैकी बहुतेक आता हयात नाहीत. त्यांची नावे मात्र एकोणीस वह्यांपुरती तरी शाबूत आहेत. दुसरी आवृत्ती काढायची आहे. प्रकाशकांनी नावांच्या यादीला नकार दिलेला नाही, पण वाढीव पानांचा हिशोब मांडला आणि विचारले, एवढी नावे वाचणार कोण? आठवीतली एक मुलगी वाचील, असे आम्ही त्यांना सांगितले. दोन्ही रूपांतल्या ओव्या पुन्हा वेगळ्या करून छापायच्या की नाही, यावर आम्हां दोघांतच अद्याप एकमत झालेले नाही. एकाचे म्हणणे, छापलेले बिघडवू नये. दुसरीचे म्हणणे, बिघडवले ते आपण, आता सुधारायचे आहे. बहुधा दुसरीचे होईल.

परवा पावसाळ्याच्या तोंडावर वायरमन दुसऱ्या कामासाठी आला होता. दिव्याकडे पाहून म्हणाला, "चालतोय न्हवं?" चालतो, म्हटले. मग आम्ही त्याला क्लॅराची हकीकत सांगितली, सत्तावीसजणींचीही सांगितली. त्याने ऐकून घेतले आणि छत्रीच्या आतल्या बाजूला पुन्हा एकदा बोट लावले.

"आन् ह्या चायनावाल्याचं नाव?"

ते आम्हांला अजून सांगता आलेले नाही.